विश्लेषण : संशोधन संस्थांची दारे शाळकरी मुलांना किती उघडी?

दरवर्षी २८ फेब्रुवारीला विद्यापीठे आणि संशोधन संस्थांच्या फाटकांवर शाळकरी मुलांच्या रांगा लागतात. त्या रांगेत कोण असते, कोण नसते आणि १ मार्चला मुलांच्या हाती काय उरते?

शाळकरी मुले वही पुढे करून सही मागू लागली की डॉ. जयंत नारळीकर ती देत नसत. विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर पाठवीन आणि उत्तराखाली सही असेल, असे ते सांगत. घोळक्यातली बरीच मुले तिथेच गळत. जी कार्ड पाठवत त्यांना उत्तर मिळे. या साध्या अटीत दोन गोष्टी होत्या. मुलाला थोडे काम करावे लागे आणि शास्त्रज्ञालाही. विद्यापीठे आणि संशोधन संस्था शाळकरी मुलांसाठी आज जे डझनावारी उपक्रम करतात, त्यांतल्या किती उपक्रमांत हे दोन्ही घडते, हे पाहण्यासारखे आहे.

हे उपक्रम असतात तरी कोणते?

सर्वात परिचित प्रकार खुल्या दिवसाचा. सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधील शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास प्रयोगशाळा पाहायला मिळतात, दुर्बिणीतून बघायला मिळते, द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेले फूल काचेसारखे फुटते आणि टाळ्या पडतात. दुसरा प्रकार व्याख्यानांचा. पुण्याच्या आयुकात शाळकरी मुलांसाठीची शनिवारची व्याख्याने वर्षानुवर्षे चालत आली आहेत. तिसरा प्रकार शिबिरांचा. आयुकाच्याच उन्हाळी उपक्रमात पुण्यातील शाळांनी निवडून पाठवलेले विद्यार्थी आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करतात. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेतील पाच दिवसांची शिबिरे देशभरातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत होतात. अभियांत्रिकीकडे मुलींचा ओढा वाढावा म्हणून २०१९ मध्ये ‘विज्ञान ज्योती’ सुरू झाली. नववी ते बारावीच्या मुलींना जवळच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थांशी जोडणे हा तिचा गाभा.

संस्था हे का करतात? हौस असते, हे खरेच. पण केवळ हौस नसते. महाविद्यालयांच्या ‘नॅक’ मूल्यांकनात विस्तारकार्य मोजले जाते. वैज्ञानिकांच्या सामाजिक जबाबदारीबाबत केंद्राने २०१९ मध्ये जो मसुदा काढला, त्यात प्रत्येक वैज्ञानिकाने वर्षातले किमान १० दिवस समाजासाठी द्यावेत, अशी अपेक्षा होती. २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. म्हणजे फोटो आणि अहवाल यांनाही आता भाव आहे. उपक्रम किती झाले, किती मुले आली, हे आकडे अहवालात सहज भरता येतात. त्यातल्या एखाद्या मुलाचे पुढे काय झाले, यासाठी रकाना नसतो.

रांगेत कोण असते?

मुख्य अडचण इथे आहे. पुणे, मुंबई, नागपूर या शहरांतील संस्थेच्या खुल्या दिवसाला येतात त्या बहुतांशी त्या शहरांतल्या शाळा. त्यातही ज्यांच्याकडे स्वतःची बस आहे आणि सहलीसाठी पैसे देऊ शकणारे पालक आहेत, त्या. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या जिल्हा परिषद शाळेला तेच करायचे तर परवानगी, एसटीचे आरक्षण, मुक्काम, जेवण आणि बरोबर येणाऱ्या शिक्षकांच्या गैरहजेरीत बाकीचे वर्ग कोण सांभाळणार, इतक्या गोष्टी जुळाव्या लागतात. दार उघडेच असते, पण त्या शाळेपासून ते शेकडो किलोमीटरवर असते.

निवडीचे निकषही हाच कल वाढवतात. ‘इन्स्पायर’ शिबिरांसाठी दहावीच्या परीक्षेत आपापल्या मंडळातील वरच्या एक टक्क्यात असलेले आणि अकरावीला विज्ञान घेतलेले विद्यार्थी निवडले जातात. म्हणजे विज्ञानाकडे वळवायचे ते कोणाला, तर जे आधीच वळले आहेत त्यांना. याउलट इस्रोने नववीच्या मुलांसाठी सुरू केलेल्या ‘युविका’ उपक्रमात ग्रामीण शाळेत शिकणाऱ्यांना निवडीत स्वतंत्र गुण ठेवले आहेत. निकषात एक ओळ बदलली की रांगेतले चेहरे बदलतात, हे त्यातून दिसते.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडली. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होते. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि कृती-संशोधन प्रकल्प हे तिचे वैशिष्ट्य. शिक्षकांनी चालवलेला हा उत्तम उपक्रम. पण आज अनेक घरांत ‘होमी भाभा’ म्हणजे एक परीक्षा आणि तिच्यासाठी लावायचा क्लास, एवढाच अर्थ उरला आहे. मुलांनी स्वतः शोधून काढावे म्हणून दिलेल्या प्रकल्पाचेही तयार साचे मिळू लागले, तर दोष स्पर्धेचा नाही; पण चाळणी लावली की तिच्याभोवती शिकवणी उगवते, हे उपक्रम आखणाऱ्यांनी गृहीत धरायला हवे.

खोडदचे उदाहरण या सगळ्यात वेगळे ठरते. जुन्नर तालुक्यातील या गावाजवळ जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. विज्ञान दिनाला तिथे जत्रेसारखी गर्दी होते. पण फरक गर्दीचा नाही. परिसरातील शाळांची मुले स्वतः केलेली उपकरणे आणि प्रतिकृती घेऊन येतात, टेबलामागे उभी राहतात आणि आलेल्यांना समजावून सांगतात. दुर्बीण गावात आहे, म्हणून गावातली मुले यजमान होतात.

एका भेटीने काय साधते?

कुतूहल जागे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कुतूहल आणि ‘हे माझ्यासाठी आहे’ ही जाणीव यांत अंतर असते. ब्रिटनमध्ये २००९ पासून चाललेल्या ‘अ‍ॅस्पायर्स’ या दीर्घ अभ्यासात हजारो मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. बहुसंख्य मुलांना विज्ञानाचे तास आवडत होते, शास्त्रज्ञ चांगले काम करतात असेही त्यांना वाटत होते. तरीही शास्त्रज्ञ व्हायचे आहे असे म्हणणारी मुले जेमतेम १५ ते १७ टक्के निघाली. लुईस आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी ‘विज्ञान भांडवल’ अशी कल्पना मांडली. घरात किंवा नात्यात विज्ञानाशी संबंधित काम करणारे कोणी आहे का, जेवताना अशा विषयांवर बोलणे होते का, संग्रहालयात जाणे होते का, यांवर मूल स्वतःला तिथे पाहू शकते की नाही हे ठरते. मुलांना विज्ञान आवडत नाही, असे समजून केलेला जादूसारख्या प्रयोगांचा कार्यक्रम त्यामुळे नेम चुकवतो. आवड होतीच, ओळखीचे माणूस नव्हते.

मग काय केले तर टिकते?

याचे उत्तर शोधायला परदेशात जावे लागत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या ग्रामीण शाळांत होते. पुढे १९८०च्या दशकात व्ही. जी. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर दीर्घकाळ काम केले. मुलांना एकदा केंद्र दाखवून परत पाठवले नाही. ती पुन्हा पुन्हा येत राहिली, प्रयोग करत राहिली. या कामातून पुढे आलेली बाब आजही विचार करायला लावते. मुलांच्या वाटेत उभा होता तो बुद्धीचा अभाव नव्हे, तर पाठ्यपुस्तकाची भाषा. मातृभाषेत शिकणाऱ्या मुलालाही ती भाषा परकी होती. ‘अभिक्रियेचा वेग तापमानावर अवलंबून असतो’ हे वाक्य मराठीच आहे. पण ज्या घरात कोणी तसे बोलत नाही, त्या घरातल्या मुलाला ते आधी उलगडावे लागते आणि त्यानंतर रसायनशास्त्राची पाळी येते.

दुसरे उदाहरण होशंगाबादचे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील या जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात ओढले गेले. त्यांनी मुलांपुढे भाषणे केली नाहीत. सहावी ते आठवीच्या शिक्षकांबरोबर उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे बसून तेच प्रयोग स्वतः केले, स्वस्तात होईल असे साहित्य शोधले, ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके घडवली. परीक्षाही बदलली, पुस्तक उघडे ठेवून लिहायची आणि प्रयोग करून दाखवायची. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली. पुढे तो आणखी जिल्ह्यांतही पोहोचला. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. विद्यापीठाला शाळेत शिरण्यासाठी शिक्षण खात्याची मान्यता लागते आणि ती मान्यता काढूनही घेता येते, हा त्यातला कमी बोलला जाणारा भाग.

दोन्हीकडचा धागा एकच, आणि तो शिक्षकापाशी जातो. एका शास्त्रज्ञाने एका दिवसात पाचशे मुलांना भेटावे, त्यापेक्षा त्याने दहा शिक्षकांबरोबर दहा दिवस घालवावेत, हे गणित कठीण नाही. ते दहा जण पुढची वीस वर्षे वर्गात असणार आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये शिक्षक प्रशिक्षणावर भर दिला जातो तो याच कारणाने. आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिका ‘पुलस्त्य’ नावाच्या इमारतीत आहे. सप्तर्षींतला हा तारा आणि पु. ल. देशपांडे, दोघांची आठवण एका नावात. इमारतीला निधी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानचा. तिथे २००३ ते २०१४ या काळात अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि शीतपेयांच्या नळ्यांतून खेळणी घडवली, ती कशी करायची हे सर्वांसाठी फुकट खुले केले. नंदुरबारच्या शिक्षिकेला त्यासाठी पुण्याला यावे लागत नाही. मोबाइल लागतो आणि शाळेत तेवढा मोकळा तास.

वैद्यकीय महाविद्यालये कुठे आहेत?

या चित्रात ती जवळजवळ नाहीत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, ही जुनी आणि चांगली परंपरा आहे. शाळांतील आरोग्य तपासण्याही होतात. पण तिथे मूल तपासून घेणारे असते, शिकणारे नाही. स्टेथोस्कोप त्याच्या छातीवर टेकतो, त्याच्या कानाला लागत नाही. शरीररचना विभागातील संग्रहालय, रक्तगट तपासणी, सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी यांतले काहीही नववीच्या वर्गाला दाखवण्यासाठी मोठा खर्च नाही. हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मुलीला लोहाच्या गोळ्या देताना तिच्याच रक्ताच्या थेंबातल्या तांबड्या पेशी दाखवल्या, तर गोळ्या डब्यात पडून राहण्याची शक्यताही कमी होईल. ‘नीट’च्या धसक्याने आठवीपासून क्लास लावणाऱ्या राज्यात, रुग्णालयात नेमके काय चालते हे न पाहताच मुले डॉक्टर व्हायचे ठरवतात किंवा तो विचार सोडून देतात.

पुढे काय?

२०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर येतील. ते कुलपात राहू नयेत म्हणून जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी आठवड्याला एकदा तिथे जाणार का, त्यांच्या त्या वेळेला श्रेयांक मिळणार का आणि शाळेच्या वेळापत्रकात तो तास कुठे बसणार, हे तालुक्याच्या पातळीवर ठरायचे आहे. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांत एखादे तरी विज्ञान महाविद्यालय आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेपासून ते पुण्यापेक्षा फार जवळ असते, तिथे सूक्ष्मदर्शक असतात आणि दुपारनंतर प्रयोगशाळा अनेकदा रिकामी असते.

होशंगाबादच्या कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्रे लिहून प्रश्न विचारत आणि कार्यक्रमातील मंडळी उत्तरे पाठवत. सवालीराम प्रत्यक्षात कोणीच नव्हता, पण पत्राचे उत्तर येत असे.