आपोआप सेट होतील!

गाडीच्या दुनियेतलं सगळ्यात घातक वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी "ब्रेक फेल झाला" असं म्हणणार नाही. ते वाक्य बोलायची वेळ येते तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. माझ्या मते सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "आपोआप सेट होतील".

नवे ब्रेक पॅड टाकलेली गाडी आणायला गेलं की हे वाक्य कानावर येतंच. आपण म्हणतो, "ब्रेक जरा कमी लागतोय हो." मेकॅनिक बोळ्याला हात पुसत म्हणतो, "नवे आहेत ना ताई. चालवा दोन-चार दिवस, आपोआप सेट होतील." आपण मान डोलावतो, पैसे देतो आणि भर ट्रॅफिकमध्ये निघतो. माझं भांडण या "आपोआप"शी आहे.

गंमत बघा. पॅड कुठले घ्यायचे यावर आपल्याकडे तासन् तास चर्चा होते. आमच्याकडे कुठल्याही कार्यात पंगत उठल्यावर चार पुरुष एकत्र आले की विषय गाडीवर येतो. ओरिजिनलच घे, लोकल दोन महिन्यांत जातात, सिरॅमिक टाक, अमक्या दुकानात दोनशेने स्वस्त मिळतील... पण पॅड बसवल्यावर पुढे काय केलं, हा प्रश्न मी आजवर कुणालाही विचारताना ऐकलेलं नाही. खरा ब्रेक तिथेच तर तयार होतो!

ज्यांना गाडीतलं कळत नाही पण स्वयंपाकघरातलं कळतं, अशा माझ्या समस्त काकू-माम्यांसाठी सोपं करून सांगते. नवा बिडाचा तवा आणला की त्यावर लगेच घावन घालतो का आपण? नाही. तेल लावायचं, तापवायचं, निववायचं, पुन्हा तेल लावायचं. तवा असा मुरला की मग घावन सुटतं. गाडीची ब्रेक डिस्क बहुतेक वेळा याच बिडाची असते आणि तिचंही असंच आहे. पॅड आणि डिस्क ठरावीक पद्धतीने तापवले की पॅडच्या मालाचा एक अगदी पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो. मग पॅड नुसता लोखंडावर घासत नाही, तो स्वतःच्याच थराला धरतो. फरक एवढाच, की तव्यावर घावन सुटावं म्हणून थर हवा आणि इथे पकड यावी म्हणून! शिवाय नव्या पॅडचा पृष्ठभाग जुन्या डिस्कवर सगळीकडे टेकलेलाही नसतो. जुनी डिस्क झिजून थोडी खोलगट, रेघारेघांची झालेली असते. नवा सपाट पॅड तिच्या उंचवट्यांवरच टेकतो.

तिसरी गोष्ट याहून वाईट. पॅडचा माल रेझिनने बांधलेला असतो. नवा पॅड पहिल्यांदा कडक तापला की त्यातून वायू सुटतो आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये येतो. पेडल पायाला घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. काही कंपन्या पॅडचा पृष्ठभाग कारखान्यातच भाजून देतात, तिथे हा त्रास कमी होतो. पण आपल्या गाडीत कुठले पॅड पडले हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

आता "किती तापतात हो असे?" असं विचारणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. माणसं आणि सामान धरून १५०० किलोची गाडी ताशी ८० वरून थांबवली, तर जी ऊर्जा जिरवावी लागते तिच्यात एक लिटरपेक्षा जास्त साधं पाणी उकळीला येईल. तेही तीन-चार सेकंदांत. तीच गाडी ताशी ४० वर असती तर याच्या चौथाई काम. आणि घाटात ५०० मीटर खाली उतरलात तर हिशेब वीस लिटरच्या पुढे जातो. त्यातलं काही वारा खातो, काही इंजिन खातं (गिअर खाली टाकला असेल तर!), बाकीचं सगळं ब्रेकच्या माथी.

हे पुस्तकी वाटत असेल तर घरचंच उदाहरण देते. माझ्या मावसभावाने कोकणात जायचं म्हणून मुद्दाम, काळजीपोटी, शुक्रवारी संध्याकाळी नवे पॅड टाकून घेतले. शनिवारी सकाळी बायको, दोन मुलं, मावशी आणि डिकीभर सामान घेऊन ताम्हिणी उतरायला लागला. अर्ध्या घाटात जळका वास आला आणि एका वळणावर पेडल दाबलं तरी गाडी हवी तशी हळू होईना. डोकं शांत ठेवून त्याने गिअर दुसऱ्यावर टाकला आणि गाडी कशीबशी कडेला घेतली. तासभर सगळे दगडावर बसून होते. मावशीच्या मते कुणाची तरी नजर लागली. परत आल्यावर गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "घाटात जाणार हे आधी सांगायचं ना साहेब!" म्हणजे गाडी घाटात नेणं हा गुन्हा, आणि अर्धवट काम करून चावी हातात देणं हा मात्र व्यवहार!

यावर "आम्ही वीस वर्षं असंच चालवतोय, काही झालं नाही" हे उत्तर ठरलेलं. खरं आहे. सिग्नल ते सिग्नल ताशी ३०-४० ने जाताना ब्रेकच्या ताकदीचा थोडाच भाग लागतो. अर्धवट रुळलेले पॅडही तेवढं काम निभावतात, आणि बऱ्याचदा हळूहळू रुळतातही. पण ब्रेक रोजच्या सिग्नलसाठी नसतो हो. तो त्या एका दिवसासाठी असतो, ज्या दिवशी समोर पोर धावत येतं. तो दिवस तुमच्या नव्या पॅडचा दुसरा दिवस नसेल, याची हमी कोण देणार? अनेक गाड्यांच्या मालकपुस्तिकेत पहिले साधारण ३०० किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा असं लिहिलेलं असतं, आणि काहींत तर पॅड बदलल्यावरही हेच पाळा असं स्पष्ट म्हटलेलं असतं. आपण पुस्तिका कुठे ठेवतो? प्लॅस्टिक पिशवीसकट ग्लोव्ह बॉक्समध्ये.

मग करायचं काय? पॅडच्या खोक्यावर कंपनीची पद्धत छापलेली असेल तर तीच पाळावी. नसेल तर साधारण रीत अशी. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचं (पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं). मग रविवारी पहाटे रिकामा, सरळ रस्ता गाठायचा आणि मागे कुणी नाही हे बघून ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा. असं दहा-बारा वेळा, मध्ये अर्धा-एक किलोमीटर गाडी मोकळी पळवत. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरला तर डिस्कवर त्याचा ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. मग सगळे म्हणतात "डिस्क वाकली"! शेवटी दहा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी फिरवून निववायची. झालं. अर्धा तास आणि थोडंसं पेट्रोल.

गॅरेजवाल्यांकडूनही चार गोष्टी मागून घ्या. कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावलं का? (साध्या ग्रीसने रबर फुगतं.) डिस्कची जाडी मोजली का? किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेलीच असते. ब्रेक ऑइल कधी बदललं? ते हवेतलं पाणी शोषतं: डॉट ३ ऑइल ताजं असताना निदान २०५ अंशापर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही हमी १४० वर येते. आणि पॅडवरची अक्षरं बघा. बऱ्याच पॅडवर नंबराच्या शेवटी 'एफएफ'सारखी दोन अक्षरं असतात, पहिलं साध्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. त्यावरून पॅडचा सगळा दर्जा कळत नाही, पण दुकानदाराच्या "एक नंबर माल आहे"पेक्षा जास्त कळतं.

सगळा दोष मेकॅनिकवर टाकून मी मोकळी होणार नाही. मजुरीत पन्नास रुपये कमी करा म्हणून आपणच घासाघीस करतो आणि "अर्ध्या तासात द्या" म्हणून आपणच डोक्यावर बसतो. मग तो पोरगा हवेच्या नळीने ब्रेकची धूळ उडवतो, तीच छातीत घेतो, पॅड कोंबतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. चाचणीच्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी देतच नसेल तर तो अर्धा तास येणार कुठून?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पॅड रुळवून देणं हा कामाचाच भाग आहे असं धरा, बिलात त्याची वेगळी ओळ मागा आणि त्याचे पैसे खळखळ न करता द्या. ते द्यायचे नसतील तर रविवारी पहाटे स्वतः उठा. आणि पुढच्या वेळी कुणी "आपोआप सेट होतील" म्हणालं, तर चावी घेण्याआधी शांतपणे विचारा, "किती किलोमीटरनंतर? आणि तोवर मी थांबायचं कसं?"