पाटल्या कुणाच्या, गाडी कुणाची?

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. दुपारी बचत गटाचे हप्ते लिहीत बसले होते, तर आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का, पदराखाली काहीतरी झाकून आल्या. मला वाटलं, लोणचं असेल. निघाल्या पाच तोळ्यांच्या पाटल्या. "बँकेत ठेवल्या तर किती येतील गं?" लेकाला गाडी घ्यायची होती. बारा लाख भावजी देणार होते. कमी पडत होते चार, ते पाटल्यांवर.

गाडी साधीसुधी नव्हे. आउडीची एस-६, २०१३ सालची, दिल्ली पासिंगची. दिसायला चार दारांची, घरगुतीच म्हणा ना. पण आत चार लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन, त्याला दोन टर्बो आणि ४२० अश्वशक्तीची ताकद. उभ्या जागेवरून शंभरचा वेग पाच सेकंदांच्या आत. पुतण्या चोवीस वर्षांचा. मोबाईलवर फोटो सरकवत मला सांगत होता, "काकी, नवी होती तेव्हा पंच्याऐंशी लाखांच्या वर होती. सोळाला मिळतेय!"

आमच्या विटा भागात या वेडाला कारणही आहे. इथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. सणाला, जत्रेला गावी येतात ती परराज्यांच्या नंबरांच्या मोठमोठ्या गाड्या घेऊन. मागे राहिलेल्या पोरांनी त्या बघत बघतच मिसरूड फुटू दिलेलं. त्यात हल्ली मुलगी बघायला जाताना दारात कुठली गाडी लागली याकडे मुलीकडच्यांचं आधी लक्ष जातं, असा पोरांचा समज आहे. (समज खोटाच आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे वाईट.)

मी बी.ए. मराठी. मोटारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण पाटल्या हातात घेतल्यावर गप्प बसवेना. सांगलीला ओळखीचे एक मिस्त्री आहेत, विदेशी गाड्यांचं काम करणारे. पुतण्याला घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "मामा, टर्बो म्हणजे काय ते मला समजेल असं सांगा." ते म्हणाले, "ताई, तुमच्या भागात गलाईची भट्टी असते ना? भाता मारला की विस्तव कसा भडकतो? टर्बो म्हणजे भाता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो, तो आत जादा हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. या गाडीला दोन भाते."

चटकन समजलं. पुढचंही समजलं. हा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि इंजिनाच्याच तेलावर तगतो. आधीच्या मालकाने तेल बदलायला टाळाटाळ केली असेल तर त्याची फळं पुढचा मालक भोगतो. आणि या इंजिनात दोन्ही भाते मधल्या खोबणीत बसवलेले, म्हणजे हात घालायचा तर आधी निम्मं सामान उतरवायचं. मजुरीच किती होईल ते मिस्त्रींनी सांगितलं नाही, नुसते हसले.

त्यांच्याकडे तशाच जातीची एक जर्मन गाडी दुरुस्त होऊन उभी होती. मला शेजारी बसवून त्यांनी एक फेरी मारली. खोटं कशाला बोलू, पाठ सीटला चिकटली आणि मला लहान पोरीसारखं हसू फुटलं. पोरं का वेडी होतात ते कळलं. त्यांना नावं ठेवायचा माझा अधिकार त्या दिवशी थोडा कमी झाला.

पण उतरताना मिस्त्रींनी जे सांगितलं ते प्रत्येक घरातल्या बाईने ऐकायला हवं. ते म्हणाले, "ताई, गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही." म्हणजे बघा, गाडी सोळा लाखांची, पण तिचे ब्रेक, टायर, हवेवर चालणारं सस्पेन्शन, सगळं पंच्याऐंशी लाखांच्या गाडीचं. सोळा लाख देऊन आपण पंच्याऐंशी लाखांचा खर्च घरी आणतो. सेकंडहँड वॅगन-आर घेणं आणि ही घेणं, यांत हा फरक आहे आणि विकणारा तो कधी बोलून दाखवत नाही.

विमा आहे ना, असं भावजी म्हणाले. विम्याचा नियम बघितला. दहा वर्षांवरच्या गाडीचा दावा करताना धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रबर-प्लॅस्टिकवर तर गाडी नवी असली तरी ५० टक्के. घसारा न कापणारी पॉलिसी जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. बंपर फुटला तर निम्मा विम्याचा, निम्मा घरचा. घरचा म्हणजे कुठल्या डब्यातला, ते आपण जाणतोच.

पेट्रोलची आणखी तऱ्हा. ही गाडी साध्यापेक्षा जास्त ऑक्टेनचं, म्हणजे महाग पेट्रोल मागते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. आमच्याच उसाचं इथेनॉल, त्याचा अभिमान आहे, पण २०१३ ची गाडी काही ते डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली नाही.

आणि दिल्लीचीच गाडी का स्वस्त? तिथे २०१५ साली हरित लवादाने १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे २०२५ मध्ये काही सवलत मिळाली, पण जुन्या गाड्यांच्या मालकांनी तोवर हाय खाल्ली होती. ही पेट्रोलची, तिची पंधरा वर्षं २०२८ ला भरतात. म्हणजे मालक शहाणा आहे, वेळेत निघतोय. आपण मात्र त्याच २०२८ ला इथे फेरनोंदणीच्या दारात उभे राहणार. आणि आयात गाडीची फेरनोंदणीची फी साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त.

तोवरचंही सोपं नाही. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, त्याआधी तिथल्या आरटीओची एनओसी लागते, आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. पुतण्याच्या सोळा लाखांत यातलं काहीच नव्हतं. गाडीवर जुनं कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा कागद लागतो, तोही त्याने मागितला नव्हता. मीटरवर ४८ हजार किलोमीटर दिसतात म्हणे. मीटर मागे फिरवता येतो, हे त्यालाच ठाऊक होतं, तरी विश्वास ठेवून बसलेला. मिस्त्रींनी सांगितलं, चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला जुना इतिहास मागव. पायातल्या पॅडलचं रबर आणि स्टिअरिंगचं कातडं बघ, ते खोटं बोलत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती मात्र पैशांची वाटत नाही. सध्या उसाचा हंगाम आहे. कराड-विटा रस्त्यावर रात्री दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर चालतात, मागे दिवा नाही की काही नाही. दोन वर्षांमागे आमच्या गटाच्या बायकांनी कारखान्याच्या वाटेवर उभं राहून ट्रेलरना लाल पट्ट्या चिकटवल्या. किती चिकटवणार? अशा अंधारात पाच सेकंदांत शंभर गाठणारी गाडी आणि चोवीसचं रक्त! १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या विदेशी गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. कुणाची तरी लेकरं होती ती. आमचा पोरगा दारू पीत नाही, शहाणा आहे, हे मी जाणते. ट्रॅक्टरवाल्याला ते माहीत नसतं.

म्हणून मी अक्कांना सांगितलं, की गाडी घेऊ नको असं मी म्हणत नाही. हौसेला मोल नसतं. पण मैत्रिणींनो, एक गोष्ट मला खटकते. घरात सायकल घ्यायची तर आपल्याला विचारतात, रंग कुठला म्हणून. मोठी खरेदी असली की बाप-लेक बैठकीत बोलतात आणि आपल्याला आत येऊन सांगतात. मग एक दिवस आपली सही लागते, नाहीतर दागिना लागतो. दागिना चालतो, मत चालत नाही! दागिना मागितला तर मतही घ्यायचं, आणि मत द्यायचं तर कागद आधी वाचायचे. मराठी वाचता येणारी बाई आरसी बुक वाचू शकते, मिस्त्रीला फोन करून "वर्षाला खर्च किती?" एवढं विचारू शकते. त्याला बी.ए. लागत नाही.

रात्री थोरल्या घरी बैठक झाली. मी वहीत खर्च मांडून नेला होता. भावजी चष्मा लावून दोनदा वाचून गप्प झाले. पुतण्या म्हणाला, "काकी, तू विघ्नसंतोषी आहेस," पण हसत म्हणाला. मग अक्का बोलल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, बैठकीत त्यांना एवढं बोलताना मी प्रथमच ऐकलं. "पाटल्या माझ्या आईच्या आहेत. त्या गाडीत जाणार असतील तर आरसी बुकावर नाव माझं लागेल. आणि रात्रीची गाडी काढायची झाली तर किल्ली माझ्याकडून घ्यायची."

भावजी कपातला चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी दिल्लीवाल्याकडे सर्व्हिसचा जुना इतिहास मागितला. "पाठवतो," म्हणाला. तीन आठवडे झाले, अजून आलेला नाही. पाटल्या सध्या माझ्या कपाटात आहेत.