ग्रामसभेवर प्रशासक नेमता येत नाही



जिल्हा परिषद असो की ग्रामपंचायत, मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक झालीच पाहिजे. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीत हे स्पष्ट लिहिले आहे. तरीही मार्च २०२२ मध्ये नाशिक जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात आहे, असे कारण मिळाले. २०२३ गेले, २०२४ गेले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले, की चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढा.

या काळात आपले काय झाले? ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. कपाशी करपली, विहिरी आटल्या. आणि नेमक्या त्या वर्षी जिल्हा परिषदेच्या सभागृहात टँकरसाठी, चाऱ्यासाठी टेबलावर हात आपटायला आपण निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. अधिकारी चांगला असेल, वाईट असेल. त्याला तुमच्या दारात मत मागायला यायचे नसते. लोकशाही आणि साहेबशाही यांतला फरक एवढाच, पण तो दुष्काळात कळतो.

दुःखाची गोष्ट निराळीच आहे. हक्क गेला, आणि गावात कोणी हाक मारली नाही. मत दिले की आपले काम संपले, अशी आपली समजूत. ज्वारी पेरून कोणी घरी झोपतो काय? दाणा भरला की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागते. मत ही पेरणी. राखण कोण करणार?

राखणीची जागा कायद्याने दिलेली आहे. दिल्लीत खासदार आपल्या वतीने बोलतो, मुंबईत आमदार बोलतो. ग्रामसभेत मात्र मतदारयादीतला प्रत्येक माणूस स्वतःच सभासद आहे. त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही. जिल्हा परिषदेवर प्रशासक येतो, ग्रामपंचायतीवरही येतो. ग्रामसभेवर येऊ शकत नाही, कारण ग्रामसभा म्हणजे तुम्हीच. पंचायतीचा जमाखर्च तिच्यापुढे ठेवावा लागतो. योजनेचे लाभार्थी कोण आणि आराखड्यात पाणंद रस्ता आधी की कमान आधी, हे तिथे ठरायचे असते. वर्षात किमान चार सभा बंधनकारक आहेत. पुरेशा कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते.

आता यातली मेख पाहा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी ती लागते. दीड हजार मतदारांच्या गावात १०० पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! मग सरपंच, ग्रामसेवक आणि पाच-सात बगलबच्चे बसतात, सह्या होतात, आणि त्यांचा ठराव साऱ्या गावाचा ठराव ठरतो. हा हक्क कोणी हिसकावून नेलेला नाही. आपण बांधावर ठेवून आलो.

म्हणून हक्काची दुसरी बाजू कर्तव्याची. घरपट्टी, पाणीपट्टी वेळेवर भरा. थकबाकीदाराचा आवाज सभेत चढत नाही. महिलांची सभा वेगळी आणि आधी घ्यायची असते. ती कागदावरच उरकली जाते काय, हे मायबहिणींनी पाहावे. ठराव वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. हिशेब दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा: गेल्या वर्षी ग्रामसभा किती झाल्या, किती तहकूब झाल्या, आणि हजेरीच्या वहीत खऱ्या सह्या किती. त्या कागदावरून आपली ताकद मोजू. भाषणे मागाहून होतील.