विचारल्याशिवाय लिहिलेले मनोगत

दुसऱ्याच्या नजरेने जग पाहण्याची मागणी शालेय अभ्यासक्रम उघडपणे फार थोड्या ठिकाणी करतो आणि मराठी विषयातील आत्मवृत्त किंवा मनोगत हा निबंधप्रकार त्यांपैकी एक आहे. ‘शेतकऱ्याचे मनोगत’, ‘सैनिकाचे मनोगत’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ अशा विषयांवर लिहिताना विद्यार्थ्याने स्वतःला बाजूला ठेवावे आणि दुसऱ्याच्या तोंडून बोलावे, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा मोलाची आहे. परंतु ती ज्या रीतीने पूर्ण करून घेतली जाते त्या रीतीत मूल दुसऱ्याचे मन जाणायला शिकत नाही, तर जाणल्याचा आविर्भाव करायला शिकते. हा फरक समजून घ्यायचा, तर ही क्षमता मुलांत मुळात कशी घडते हे पाहावे लागते.

या प्रश्नाच्या शास्त्रीय अभ्यासाचा एक महत्त्वाचा आरंभ स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इन्हेल्डर यांच्या तीन डोंगरांच्या प्रयोगात सापडतो. मुलासमोर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवून तिच्या वेगळ्या बाजूला एक बाहुली बसवली जाई आणि बाहुलीला काय दिसत असेल ते चित्रांमधून निवडायला सांगितले जाई. लहान मुले बहुधा स्वतःला दिसणारे चित्रच निवडत, आणि यावरून पियाजे यांनी या वयातील विचाराला आत्मकेंद्री म्हटले. येथे आत्मकेंद्री या शब्दाचा अर्थ स्वार्थी असा नसून, आपल्याला दिसते त्याहून वेगळे दुसऱ्याला दिसू शकते याची जाणीव नसणे, एवढाच आहे. मात्र पुढे मार्टिन ह्यूज यांनी मुलांना कळेल असा खेळ मांडला, ज्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन भिंतींच्या आडोशाने एका बाहुल्याला पोलिसांच्या नजरेपासून लपवायचे होते. तेव्हा साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची सुमारे ९० टक्के उत्तरे बरोबर आली. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात याचा जो अर्थ लावला तो शिक्षकांनी आजही ध्यानात ठेवावा असा आहे: डोंगरांच्या देखाव्यात मुलाला काही हेतू दिसत नव्हता, पण कोण कोणापासून का लपतो हे त्याला स्वतःच्या खेळातून ठाऊक होते.

दुसऱ्याला काय दिसते याच्या पुढची पायरी म्हणजे दुसऱ्याला काय वाटते हे ओळखणे. माणसाचे वागणे त्याच्या इच्छा आणि समजुतींवरून ठरते, मग त्या समजुती खऱ्या असोत वा खोट्या, या जाणिवेला मानसशास्त्रात ‘मनाचा सिद्धांत’ म्हणतात. येथे सिद्धांत म्हणजे पुस्तकी मत नव्हे, तर दुसऱ्याच्या न दिसणाऱ्या मनाविषयी मुलाने बांधलेला अंदाज. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये तो पारखण्यासाठी एक साधी गोष्ट योजली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या गैरहजेरीत आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, आणि ऐकणाऱ्या मुलाला विचारले जाते की परत आलेला मॅक्सी चॉकलेट कुठे शोधेल. तीन वर्षांचे मूल बहुधा चॉकलेट खरोखर जिथे आहे ते कपाट दाखवते, तर साधारण चार-पाच वर्षांचे मूल हे ओळखू लागते की मॅक्सीला बदल माहीत नसल्यामुळे तो चुकीच्या जागी जाईल.

ही समज केवळ वय वाढल्याने येते काय, या प्रश्नाचे एक बोलके उत्तर निकाराग्वातून मिळाले. तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत एकत्र आली आणि त्यांच्यात एक नवी खूणभाषा जन्माला आली, जी पुढच्या पिढीच्या मुलांनी अधिक समृद्ध केली. जेनी पायर्स आणि ॲन सेंगास यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या पिढीतील प्रौढांकडे ‘त्याला वाटते’, ‘त्याला ठाऊक आहे’ अशा अर्थाच्या खुणा कमी होत्या आणि खोट्या समजुतीच्या कसोटीत ते आपल्याहून तरुण असलेल्यांच्या मागे होते. पुढे त्यांनी अशा खुणा आत्मसात केल्या आणि त्यांचे आकलनही सुधारले. ज्या घरांत कोण का रागावले, कोणाला काय वाटले याविषयी बोलणे होते त्या घरांतील मुलांना दुसऱ्याचे मन लवकर कळते, हे जूडी डन यांच्यासारख्या अभ्यासकांनी घरांतले संवाद टिपून दाखवले आहे.

मराठी बोलणाऱ्या मुलाला तर अशा संवादाची साधने भाषेतच मिळतात. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांतील भेद व्याकरणाच्या पुस्तकाआधीच मुलाच्या कानी पडतो. ऐकणारा आपल्यात धरला आहे की वगळला आहे, याचे भान असल्याखेरीज त्याला यांतला योग्य शब्द निवडता येत नाही, आणि ‘आपण’ ऐकायची आशा असताना ‘आम्ही’ ऐकलेल्या मुलाला हा भेद कोणी समजावून सांगावा लागत नाही. तसेच ‘तो आजारी आहे म्हणे’ या वाक्यातील ‘म्हणे’ हे सांगते की ही माहिती दुसऱ्याकडून आलेली असून बोलणारा तिची हमी घेत नाही. माहिती कोणाची आणि मत कोणाचे, हा विवेक एका शब्दात करणारी भाषा ज्या वर्गात शिकवली जाते त्या वर्गात या शब्दांवर शब्दांच्या जातींपलीकडे चर्चा होऊ नये, ही मोठी हानी आहे.

तथापि दुसऱ्याला वेगळे मन असते हे कळणे आणि त्या मनात काय आहे हे कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ताल एयाल, मेरी स्टेफल आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २५ प्रयोगांच्या मालिकेत असे आढळले की ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहा’ अशी सूचना दिल्याने प्रौढांचे दुसऱ्याविषयीचे अंदाज अधिक अचूक झाले नाहीत. अचूकता वाढली ती त्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलून तिचे मत विचारल्यावर. कल्पनेने दुसऱ्याच्या जागी गेलेला माणूस तेथे आपलीच मते आणि आपलेच पूर्वग्रह सोबत नेतो. तेव्हा ‘तू त्याच्या जागी असतास तर?’ हा शिक्षकांचा आणि पालकांचा आवडता प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण ‘त्याला जाऊन विचारलेस का?’ या दुसऱ्या प्रश्नावाचून त्याचे उत्तर पडताळता येत नाही.

या प्रकाशात ‘शेतकऱ्याचे मनोगत’ पाहावे. काळी आई, जगाचा पोशिंदा, रुसलेला पाऊस आणि सावकाराचे कर्ज हे ठरलेले शब्द मार्गदर्शक पुस्तकातून वहीत उतरतात आणि शेतकऱ्याशी एक शब्दही न बोलता विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळू शकतात. त्याहून खेदाची बाब अशी की ज्याच्या घरी शेती आहे तो विद्यार्थीही तेच शब्द लिहितो. वडील रात्रीच्या विजेची वाट पाहत मोटार सुरू करायला केव्हा उठतात, बाजार समितीत कांद्याचा भाव पुकारला जाताना त्यांचा चेहरा कसा होतो, आईचे नाव सातबाऱ्यावर आहे की नाही, हे त्याला माहीत असते किंवा विचारून कळू शकते; पण ते उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगे आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. जो निबंध दुसऱ्याची नजर शिकवण्यासाठी योजला आहे, तो या मुलाला स्वतःच्या घराकडेही मार्गदर्शक पुस्तकाच्या नजरेने पाहायला लावतो.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की परीक्षेच्या दालनात कोणाला विचारता येत नाही, आणि फाटके पुस्तक तर कधीच बोलणार नाही. दुसरी गोष्ट खरी आहे. निर्जीव वस्तूंची आत्मवृत्ते कल्पनेच्या व्यायामासाठी जरूर असावीत, कारण तेथे कोणावर अन्याय होत नाही. पण जिवंत माणसाचे मनोगत हा परीक्षेऐवजी अंतर्गत मूल्यमापनाचा विषय करता येईल. विद्यार्थ्याने आधी आपला अंदाज लिहावा, मग शाळेतील शिपाईकाका, एसटीचे वाहक, शेजारच्या आजी किंवा स्वतःचे वडील यांच्याशी बोलावे, आणि शेवटी कोणता अंदाज चुकला तेही नोंदवावे. यासाठी नवे पाठ्यपुस्तक वा वेगळा तास लागत नाही. मात्र शिक्षकाला सुबक भाषेइतकेच मोल चुकलेल्या अंदाजाच्या प्रामाणिक नोंदीला द्यावे लागेल.

समता आणि सहिष्णुता यांविषयीची भाषणे शाळांत पुष्कळ होतात, पण त्यांतून एवढेच कळते की दुसऱ्याविषयी चांगले बोलावे. माणसाला आपण ओळखले आहे असे वाटत असतानाच त्याच्या तोंडून अनपेक्षित काही ऐकणे आणि त्यानंतर आपले वाक्य खोडून पुन्हा लिहिणे, हा अनुभव मुलाला दुसऱ्याच्या मनाचे वेगळेपण कोणत्याही भाषणाहून अधिक पटवतो. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ या विषयाखाली असे एक खोडलेले वाक्य आढळले, तर परीक्षकाने त्याचे गुण कापू नयेत. ते वाक्य त्या निबंधातील सर्वांत खरे असण्याची शक्यता आहे.