बशीतील वर्तुळ आणि गिनीपिगची त्वचा

दद्रुचिकित्सेसाठी म्हणून आमच्याकडे येणाऱ्या मलमांच्या व तेलांच्या माहितीपत्रकांवर एक छायाचित्र हमखास आढळते : पेट्रीबशीतील बुरशीच्या थरात औषधाभोवती उमटलेले स्वच्छ वर्तुळ, आणि खाली ‘बुरशीनाशक गुण सिद्ध’ हे शब्द. ही सिद्धी आम्हांस घाईची वाटते.

बशीत त्वचा नसते, स्वेद नसतो, केसांचे मूळ नसते. शिवाय आपल्या तैलकल्पांवर ही परीक्षा उलट अन्यायही करते. तेल पाणीदार आगरमध्ये नीट पसरत नाही. वर्तुळ उमटत नाही आणि गुणी तेलही अनुत्तीर्ण ठरते. (चक्रमर्दाला ‘दद्रुघ्न’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वसूरींनी बशी पाहिली नव्हती, रुग्ण पाहिले होते.)

ग्रिसिओफुल्विनचा इतिहास येथे स्मरणीय आहे. हे द्रव्य १९३९ मध्ये पेनिसिलियम बुरशीतून वेगळे काढले गेले. पुढे बराच काळ त्याचा विचार वनस्पतींच्या रोगांपुरताच झाला. १९५८ मध्ये ग्लासगो येथील जेंटल्स यांनी नायटा जडविलेल्या गिनीपिगांना ते तोंडावाटे दिले आणि नायटा हटला. पोटात दिलेले औषध नव्याने वाढणाऱ्या केसांच्या व त्वचेच्या केराटिनात उतरते, हे कोणत्याही बशीने दाखविले नसते.

तथापि प्राणी वापरला म्हणजे सिद्धता झाली, असेही नव्हे. गिनीपिगचा नायटा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. म्हणून काहीही न लावलेला एक गट, नुसते तिळतेल वा मूळ मलम लावलेला दुसरा, आणि परिचित औषधाचा तिसरा, हे हवेतच. त्वचा डोळ्यांना स्वच्छ दिसली तरी केस उपटून त्यांचे संवर्धन करावे लागते. तुलनागटाविना केलेला प्रयोग म्हणजे मुक्या जिवांचा निव्वळ अपव्यय. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखालील परवानगीने तो अपव्यय धुऊन निघत नाही.

आणखी एक मर्यादा. ट्रायकोफायटॉन रुब्रम गिनीपिगवर सहज रुजत नाही, म्हणून बहुधा मेंटॅग्रोफायटिस वापरतात. आपल्या रुग्णांत मात्र आज टर्बिनाफिनला न जुमानणारी, २०२० मध्ये इंडोटिनी हे नाव मिळालेली जात आढळते, आणि तीही बहुधा स्टेरॉइडमिश्रित मलमे चोळून झाल्यावर.

औषधप्रतिनिधींना आम्ही अलीकडे एकच प्रश्न विचारतो : नुसत्या तेलाचा गट होता काय? “कंपनीला विचारून कळवितो,” असे उत्तर येते. औषधालयाच्या मालकांनीही मागणी नोंदविण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे.