येलदरीचं पाणी आणि परभणीचा रेडिओ

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आम्ही छातीठोक सांगतो. पण परभणी आकाशवाणी हिंगोलीत नीट ऐकू येते का, असं कुणी विचारलं की आमचा आवाज जरा खाली येतो. शेजारच्या जिल्ह्यात रेडिओ पोचवायचा, ही चर्चा अधूनमधून निघते. मला त्यातल्या ‘शेजारच्या’ या भागाचीच मौज वाटते. 1968 मध्ये परभणी केंद्र सुरू झालं तेव्हा हिंगोली, वसमत, कळमनुरी हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यातच होता. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळी झाली, तिला स्वतंत्र कलेक्टर कचेरी मिळाली. रेडिओच्या लहरींना मात्र ते कुणी कळवलं नाही.

परभणीचं 1305 किलोहर्ट्झ म्हणजे मध्यम लहर, लांबी सुमारे 230 मीटर. ती जमिनीला धरून चालते आणि लहानसहान टेकड्यांना जुमानत नाही. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून लांबची केंद्रंही खाली उतरतात, आणि मग आपल्या कीर्तनात मधूनच कुणीतरी परक्या भाषेत बोलू लागतं! एफएमचा आवाज स्वच्छ, पण ती लहर जवळपास सरळ रेषेत जाते. शंभर मीटर उंच मनोरा असला तरी सपाट माळावर साधारण 40 किलोमीटरपर्यंत तिची नजर जाते. मध्ये जिंतूरकडचे डोंगर आले की पलीकडे खरखर. आणि ट्रान्समीटरची शक्ती दुप्पट केली म्हणून पल्ला दुप्पट होत नाही.

28 एप्रिल 2023 रोजी पंतप्रधानांनी देशभरातल्या 91 एफएम ट्रान्समीटरांचं एकदम उद्घाटन केलं. प्रत्येक 100 वॅटचा, आणि त्यात हिंगोलीही होती. छान झालं. पण सरकारनेच सांगितलेला आकडा बघा: सगळे मिळून सुमारे 35 हजार चौरस किलोमीटर. म्हणजे एका ट्रान्समीटरच्या वाट्याला सरासरी 385, मनोऱ्याभोवती 11 किलोमीटरचं रिंगण. हिंगोली जिल्हा साडेचार हजारांहून मोठा. या हिशेबाने औंढा, कळमनुरी, वसमत रिंगणाबाहेरच राहतात. वसमतला तर नांदेड जवळचं. तिथला माणूस परभणीची वाट कशाला बघेल?

शिवाय हा ट्रान्समीटर पुनःप्रक्षेपणाचा. दुसरीकडे तयार झालेला कार्यक्रम तो पुढे ढकलतो, हिंगोलीचा माणूस त्यावर बोलत नाही. माझी खरी तक्रार इथे आहे. मनोऱ्याचे पैसे मंजूर होतात, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. माईकपुढे कोण बसणार, हे विचारायचं राहून जातं.

आता पाणी बघा. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण जिंतूर तालुक्यात, म्हणजे आमचं. त्याच्या खालचं सिद्धेश्वर औंढा तालुक्यात, म्हणजे त्यांचं. येलदरीतून पाणी सुटलं की ते सिद्धेश्वरात जातं आणि तिथून कालव्याने पुन्हा परभणीच्या रानातही येतं. पाण्याने जिल्हा विभाजन मान्य केलेलं नाही. ऑगस्टच्या रात्री दरवाजे उघडले, तर ते दोन्हीकडच्या काठांना एकाच आवाजात कळायला हवं. मोबाइलवर कळतं की, असं शहरातला माणूस म्हणेल. त्याने पावसाळ्यात वीज गेलेल्या गावात रेंज शोधून दाखवावी.

हळदीचंही तेच. वसमत-हिंगोलीच्या हळदीवर परभणीच्या कृषी विद्यापीठातला तज्ज्ञ बोलला, तर कळमनुरीचा शेतकरी सेट लावेल. आणि ऐकणारा आला की वसमतचा बियाणेवाला जाहिरातही देईल. खासगी एफएमवर हे होणार नाही. त्यांना परवाना शहरापुरता मिळतो आणि स्वतःच्या बातम्या द्यायलाही मनाई आहे.

म्हणून आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे: हिंगोलीच्या मनोऱ्याची शक्ती जरूर वाढवा, पण त्याआधी रोज अर्धा तास हिंगोलीला द्या. तिथलाच निवेदक, धरणाची पातळी, हळदीचा भाव. त्यासाठी नवा मनोरा लागत नाही.