सुटी कुणाची, काम कुणाचे?

'कामासह सुटी' हा शब्दप्रयोग कानाला गोड लागतो. हाँगकाँगसारख्या महागड्या शहरात वर्षभर राहावयाचे, मिळेल ते काम करून खोलीचे भाडे भागवावयाचे आणि उरलेल्या वेळी बेटे, डोंगर, बाजार पाहावयाचे. 2001 साली न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्याशी करार करून हाँगकाँगने ही योजना सुरू केली. पुढे जर्मनी, जपान, कॅनडा आदी देश तीत आले. वय 18 ते 30 असावे, खात्यात थोडी शिल्लक असावी. मग आखणी सुरू होते. चिम शा चोईच्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये स्वस्तातली खोली घ्यावी की तिघांत मिळून सदनिका? पहिल्या पगारापर्यंत पैसे पुरतील काय? या तरुणांविषयी आमची तक्रार नाही. तारुण्यात जग पाहावे, घामही गाळावा. आमचा आक्षेप आहे तो परदेशी श्रमिकाला दोन मापांनी मोजणाऱ्या कायद्यावर.

कारण त्याच विमानतळावर फिलिपाइन्स, इंडोनेशिया, क्वचित भारतातूनही आलेली घरकामगार स्त्री उतरते. अशा कामगारांची संख्या तीन लाखांहून अधिक आहे. तिला खोली शोधण्याची मुभाच नाही. मालकाच्या घरीच राहिले पाहिजे, अशी 2003 पासून सक्ती आहे; आणि खुराड्याएवढ्या सदनिकांच्या त्या शहरात तिच्या वाट्याला पुष्कळदा मुलांच्या खोलीतली जमीन येते. 2011 साली किमान वेतनाचा कायदा लागू झाला, त्यातून मालकाघरी राहणाऱ्या घरकामगारांना वगळले गेले. त्यांच्यासाठी निराळा मासिक आकडा ठरतो. 2024 साली तो 4,990 हाँगकाँग डॉलर होता. एवढ्यात तेथे धड खोलीही भाड्याने मिळणे कठीण! सुटीवर आलेल्या मुलाने उपाहारगृहातील नोकरी सोडली तर तो दुसरी शोधतो. हिचा करार मुदतीपूर्वी तुटला तर दोन आठवड्यांत तिने शहर सोडावयाचे, हा 1987 पासूनचा नियम. मग मारणाऱ्या, उपाशी ठेवणाऱ्या मालकाविरुद्ध ती तोंड कसे उघडणार?

सात वर्षे राहिलेल्या इतर परदेशीयांना कायम वास्तव्याचा हक्क मागता येतो. 1986 पासून तेथे राबलेल्या एका फिलिपिनो बाईंनी तो मागितला, तेव्हा 25 मार्च 2013 रोजी तेथील अंतिम अपील न्यायालयाने नकार दिला.

ती स्वखुशीने येते, मायदेशापेक्षा अधिक मिळवते, असे यावर सांगितले जाते. वाचकहो, आखातात कफिलाच्या मर्जीवर वर्षे काढलेली माणसे आपल्याही धर्मग्रामांत आहेत. कर्ज काढून गेलेल्याची 'स्वखुशी' कशी असते, ते त्यांना विचारा. आणि आपल्या मुलांनीही हुरळून जाऊ नये. हाँगकाँगच्या त्या यादीत भारत नाही. ऑस्ट्रेलियाने 2024 साली भारतीयांना असा व्हिसा खुला केला, तोही वर्षाला 1000 जागांपुरता, चिठ्ठ्या टाकून.

रविवारी सेंट्रल भागातील चेटर रोड वाहनांना बंद असतो. गार्डन रोडवरील सेंट जोसेफ चर्चमध्ये मिस्सा ऐकून आलेल्या बाया तेथे पुठ्ठे अंथरून जेवतात, गातात, गावी पाठवावयाच्या पेट्या भरतात. बसावयास त्यांना दुसरी जागा नाही. मालकाघरी राहण्याची सक्ती आणि दोन आठवड्यांची मुदत, एवढे दोन नियम रद्द केल्याने त्या श्रीमंत शहराची तिजोरी रिकामी होणार नाही. ते आधी रद्द व्हावेत. सुटीच्या योजनेत आणखी देश मागाहून घ्यावेत.